कढईतली आग आणि पेलाभर पाणी

आग दिसली की पाणी ओतायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी, शेकोटीवर पाणी, होळीच्या राखेवर दुसऱ्या दिवशी पाणी. लहानपणापासून हेच बघितलेलं असतं. त्यामुळे तळणाच्या कढईतलं तेल पेटलं की घाबरलेल्या माणसाचा हात आपसूक नळाकडे किंवा पिंपाकडे जातो. आणि त्यानंतरच्या एक-दोन सेकंदांत, जी आग कढईपुरती होती ती थेट छताला भिडते.

'पेटलेल्या तेलात पाणी टाकू नका' ही सूचना बहुतेकांनी ऐकलेली असते. पण कारण माहीत नसलेली सूचना ऐनवेळी आठवत नाही, असं माझं मत आहे. घाबरल्यावर डोकं चालत नाही, सवय चालते. म्हणून आज हे कारण नीट, सावकाश उलगडून बघू. यात घनता आहे, वाफ आहे, बुडबुड्यांचं थोडं ताजं संशोधन आहे आणि मधे मधे सोपी गणितंही आहेत. गणितं ढोबळ आहेत, पण त्यांनी चित्र स्पष्ट होतं.

दोन उत्तरं, एक चुकीचं आणि एक अर्धवट

हा प्रश्न विचारला की मला साधारण दोन उत्तरं मिळतात.

पहिलं: 'पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. आगीत ते सुटे होतात. हायड्रोजन जळतो, ऑक्सिजन जळायला मदत करतो, म्हणून भडका.' ऐकायला झकास वाटतं, पण हे खरं नाही. पाण्याचा रेणू भलताच चिवट असतो. दोन हजार अंश सेल्सिअसला नेलं तरी जेमतेम एक टक्का पाणी फुटतं, आणि तेलाच्या ज्वाला तेवढ्याही गरम नसतात. शिवाय हायड्रोजन आणि ऑक्सिजन परत एकत्र येताना जेवढी उष्णता देतील, तेवढीच त्यांना सुटं करताना खर्च झालेली असते. म्हणजे या व्यवहारात फायदा शून्य. हा गैरसमज बहुधा धातूंच्या आगीवरून आला असावा. शाळेत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर काय होतं ते आठवतंय? तिथे खरोखरच पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होते आणि हायड्रोजन सुटतो. तेलाच्या बाबतीत मात्र जवळजवळ सगळा खेळ भौतिकशास्त्राचा आहे.

दुसरं उत्तर: 'तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं, म्हणून पाणी आगीपर्यंत पोचतच नाही.' यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. पण एवढ्यानं भडका का उडतो ते कळत नाही. फार तर 'पाण्याचा उपयोग का होत नाही' एवढंच कळतं.

हे उत्तर अपुरं आहे हे दिवाळीतच तपासता येतं. काचेच्या पेल्यात अर्ध्याहून जास्त पाणी, त्यावर तेलाचा थर आणि त्यात तरंगती वात, असे पाण्यावरचे दिवे अनेक घरांत लावतात. खाली पाणी, वर तेल, त्याच्यावर ज्योत. सगळी 'धोकादायक' मंडळी एकाच पेल्यात! तरी दिवा तासन् तास शांतपणे जळतो. म्हणजे तेल, पाणी आणि आग एकत्र आली की भडका उडतोच असं नाही. कढईत आणखी काहीतरी आहे जे या पेल्यात नाही.

जळतं ते तेल नव्हे, तेलाची वाफ

वाटीभर थंड तेलात पेटती काडी बुडवली तर काडी विझते. तेल पेटत नाही. द्रवरूप तेल असं जळतच नाही. जळते ती त्याची वाफ, तीही हवेत पुरेशी मिसळल्यावर. समईतली वात हेच काम करते: थोडं थोडं तेल वर खेचते, ज्योतीच्या उष्णतेनं तेवढंच तेल तापतं, त्याची वाफ होते आणि ती जळते. समईतलं बाकीचं तेल बोट बुडवता येईल इतपतच कोमट असतं.

कढईला वात नसते. तिथे आग टिकायची असेल तर सगळ्या पृष्ठभागावरून वाफ निघायला हवी, आणि त्यासाठी सगळंच्या सगळं तेल प्रचंड तापायला हवं. किती? रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाचे आकडे साधारण असे:

१७० ते १९० अंश: पुऱ्या, भजी, चकल्या तळायचं तापमान.
२२० ते २४० अंश: तेलातून धूर येऊ लागतो. डोळ्यांना झोंबणारा तो उग्र वास मुख्यतः ॲक्रोलिन नावाच्या पदार्थाचा असतो. तेलातला ग्लिसरॉलचा भाग मोडून तो तयार होतो.
३२० अंशांच्या आसपास: वर ज्योत दाखवली तर क्षणभर भपका होईल इतकी वाफ निघते.
३६० ते ४०० अंश: ज्योत दाखवायचीही गरज नाही, तेल आपोआप पेट घेतं.

तेल कुठलं, किती शुद्ध, किती वेळा वापरलेलं यावर हे आकडे बदलतात. वारंवार तळलेल्या तेलात मोकळी मेदाम्लं वाढतात, त्यामुळे ते लवकर धुरावतं आणि लवकर पेटतं.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कढईतलं तेल पेटलंय, याचाच अर्थ ते तीनशे अंशांच्या पुढे गेलेलं आहे. त्याशिवाय ते पेटूच शकत नाही. पाणी उकळतं १०० अंशांना. म्हणजे पाण्याच्या उत्कलनांकापेक्षा दोनशे-अडीचशे अंश जास्त गरम असलेल्या द्रवात आपण पाणी ओततोय. पाण्यावरच्या दिव्यात हे घडत नाही, कारण तिथे पाण्याला टेकलेलं तेल थंड असतं. तेल संपत आलं आणि जळती वात पाण्याजवळ पोचली की तो दिवाही थोडा तडतडतो, मग विझतो.

पेट्रोलशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होतं. पेट्रोल सहज वाफाळतं, त्यामुळे पेटलेल्या पेट्रोलचा द्रव स्वतः फारसा तापत नाही. त्यावर पाणी टाकलं तर ते खाली बसतं, पेट्रोल वर तरंगत पसरतं आणि आगही पसरते. तेही धोक्याचंच आहे, पण कढईसारखा स्फोटक भडका त्यात नसतो. गंमत बघा: पेट्रोल पटकन पेटतं म्हणून आपण त्याला भितो. गोडं तेल पेटायला इतका वेळ लावतं म्हणून निर्धास्त असतो. पण ते पेटेपर्यंत त्यात जी उष्णता साठते, तीच नंतर पाण्याला उडवते.

एका सेकंदात काय काय घडतं

हा सगळा प्रकार वेगवान कॅमेऱ्यानं टिपून सावकाश दाखवला तर चार टप्पे दिसतात.

पहिला टप्पा, बुडणं. साध्या तापमानाला तेलाची घनता ०.९२ च्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा थोडीशीच कमी. पण तापल्यावर तेल चांगलंच फुगतं. ३५० अंशांना त्याची घनता सुमारे ०.७ वर येते. त्यामुळे पाणी झपकन खाली जातं, आणि वरून ओतलेलं असल्यामुळे त्याला वेगही असतो. कढईत तेल असतं पाच-सात सेंटीमीटर खोल. तळ गाठायला पाण्याला सेकंदाचा छोटासा भाग पुरतो.

दुसरा टप्पा, तापणं. आता पाण्याचे गोळे आणि थेंब चहूबाजूंनी जळत्या तेलात वेढलेले आहेत. इथे एक मजेशीर गोष्ट घडते. पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण पाठ केलेलं असतं, पण उकळी सुरू व्हायला बुडबुड्याला जन्म घ्यायला जागा लागते: भांड्यावरचा ओरखडा, धूळ, अडकलेली हवा. पातेल्यात अशा जागा भरपूर असतात. पण तेलात लोंबकळणाऱ्या थेंबाच्या भोवती फक्त गुळगुळीत तेल असतं, खरखरीत भिंत नसते. त्यामुळे तो थेंब १०० अंश ओलांडूनही काही क्षण द्रवच राहू शकतो. याला अतितापन म्हणतात. तापत तापत तो जितका पुढे जाईल तितकी उष्णता साठत जाते. सुमारे ३०० अंशांच्या जवळ तर पाण्याला द्रव राहणं अशक्यच होतं. मग उकळी 'सुरू' होत नाही, सगळा थेंब एकदम फुटतो.

तिसरा टप्पा, वाफ. १ मिलिलिटर पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते. म्हणजे आकारमान १,७०० पट. ती वाफ ३५० अंशांपर्यंत तापली तर २,८०० पटीच्या घरात. आता आकडे लावून बघा. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी: तेवढ्याची १४ लिटर वाफ. कढई असते तीन लिटरची. एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी: ५६० लिटर वाफ. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीची अर्ध्याहून जास्त भरेल एवढी. आणि ही सगळी वाफ तेलाच्या खाली तयार होतेय, एखाद-दुसऱ्या सेकंदात. तिला बाहेर पडायचा एकच रस्ता आहे, वर. आणि त्या रस्त्यात तेल आहे.

चौथा टप्पा, भडका. वाफ तेलाला नुसतं वर ढकलत नाही, त्याच्या चिंध्या करते. बारीक बारीक थेंबांचं धुकं होऊन ते तेल हवेत उडतं. त्यातलं काही कढईच्या कडेवरून खाली बर्नरवर येतं, पण बरंचसं थेट वर, म्हणजे आधीच जळत असलेल्या ज्वालेतून जातं.

थेंब झाले की काय बदलतं

आग फक्त पृष्ठभागावर जळते, कारण तिथेच वाफ आणि हवा भेटतात. २५ सेंटीमीटर व्यासाच्या कढईत तेलाचा पृष्ठभाग सुमारे ०.०५ चौरस मीटर असतो. खाली लिटरभर तेल असलं तरी एका वेळी जळायला मिळते ती एवढीशी चकती. बाकीचं तेल रांगेत उभं.

आता त्यातलं १०० मिलिलिटर तेल, अर्धी वाटी समजा, ०.१ मिलिमीटर व्यासाच्या थेंबांत फुटलं. थेंबांची संख्या होते सुमारे १९ कोटी, आणि त्यांचं एकूण पृष्ठफळ ६ चौरस मीटर. म्हणजे दोन बाय तीन मीटरच्या स्वयंपाकघराच्या पूर्ण फरशीएवढं. कढईतल्या चकतीच्या १२० पट! प्रत्येक थेंब आधीच ३०० अंशांच्या पुढे तापलेला, प्रत्येकाच्या भोवती हवा, आणि शेजारीच ज्वाला. रांग मोडली, सगळे एकदम आत शिरले.

उष्णतेच्या भाषेत सांगायचं तर १ ग्रॅम तेल पूर्ण जळलं की सुमारे ३८ किलोज्यूल उष्णता मिळते. १०० ग्रॅमची ३,८०० किलोज्यूल. घरच्या शेगडीचा एक बर्नर साधारण २ किलोवॅटचा धरला, तर एवढी उष्णता द्यायला त्याला अर्धा तास लागेल. अर्ध्या तासाची शेगडी दोन सेकंदांत उघडली, असा हा हिशेब. प्रत्यक्षात थेंब लहानमोठे असतात आणि सगळं तेल जळत नाही. पण दहावा हिस्सा जरी जळला तरी समोर उभ्या माणसाचा चेहरा, हात आणि अंगावरची सिंथेटिक साडी किंवा ओढणी यांच्यासाठी तेवढं खूप झालं.

काही जण विचारतात, एवढी वाफ झाली तर तिनं हवा बाजूला सारून आग गुदमरायला नको का? वाजवी प्रश्न आहे. पण वाफ उसळत वर जाते, सोबत तेल नेते, आणि त्या उसळीमुळे आजूबाजूची ताजी हवा आत ओढली जाते. गुदमरवायला वाफेनं आगीवर ठाण मांडून बसायला हवं. इथे ती पळतेय.

आणि लाकडावर पाणी का चालतं? कारण तिथे पाणी लाकडावरच राहतं, थोडं आत मुरतं, आणि तिथल्या तिथे उकळताना लाकडाची उष्णता शोषून घेतं. लाकूड थंड झालं की त्यातून जळाऊ वायू निघायचे थांबतात. वाफ बाहेरच्या बाजूला निघून जाते. तिच्यासमोर उडवायला कुठलाही गरम द्रव नसतो.

तडतडीचं संशोधन

रोजच्या स्वयंपाकात याच प्रकाराच्या छोट्या आवृत्त्या आपण बघत असतो. ओला कढीपत्ता फोडणीत पडला की तडतड. मिरची तळण्याआधी तिला चीर द्यायची, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेनं ती फुटते. साबुदाणा वडा कधीकधी कढईत फुटून तेल उडवतो, तेही आत अडकलेल्या पाण्यामुळेच. फरक एवढाच की १८० अंशांचं उडालेलं तेल हातावर फोड आणतं पण हवेत आपोआप पेटत नाही. (खालच्या बर्नरच्या ज्योतीवर पडलं तर मात्र पेटू शकतं. तळणीच्या कढईत पाणी सांडून, फेस येऊन, तेल उतू जाऊन आग लागते ती अशी.)

या तडतडीवर गंभीर संशोधन चालतं. जपानमध्ये टेम्पुरा तळणारे आचारी लाकडी चॉपस्टिक तेलात बुडवून, बुडबुडे बघून आणि आवाज ऐकून तेल तापलंय का ते ठरवतात. आपण कणकेची गोळी टाकून बघतो तसंच. २०२२ साली अकिहितो कियामा आणि सहकाऱ्यांनी 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ओल्या वस्तू तापलेल्या तेलात बुडवल्या, वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं आणि मायक्रोफोननं आवाज टिपला. त्यांना तीन प्रकारचे बुडबुडे दिसले. एक, पृष्ठभागाजवळ स्फोटासारखा फुटून तेल उडवणारा. दुसरा, लांबुळका होत वर येणारा. तिसरा, खोल तेलातच आकुंचन-प्रसरण पावत राहणारा. प्रत्येकाचा आवाज वेगळा. म्हणजे कुठे आणि किती पाणी फुटलं यावर तेल किती उडणार ते ठरतं, आणि ते कानानंही ओळखता येतं. अनुभवी हाताला तेलाचा 'आवाज' कळतो म्हणतात, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे.

मोठ्या प्रमाणावर हेच रूप कच्च्या तेलाच्या टाक्यांमध्ये दिसतं. टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं असतं. वर आग लागली की तेलाचा तापलेला थर हळूहळू खाली सरकतो, आणि काही तासांनी तो पाण्याला टेकतो. मग अख्खी टाकी दुधासारखी उतू जाते, जळत. १९ डिसेंबर १९८२ रोजी व्हेनेझुएलातल्या टाकोआ इथे वीज केंद्राच्या इंधन टाकीत असंच झालं. आग लागून काही तास उलटल्यावर टाकी उसळली आणि दीडशेहून अधिक माणसं मेली. त्यात आग विझवायला आलेले जवानही होते.

मग पाणी अगदीच निरुपयोगी आहे का?

कागदावरचं गणित इथे वेगळंच सांगतं. लिटरभर तेल ३५० वरून २५० अंशांवर आणायला साधारण २३० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. अर्धा पेला, म्हणजे १०० मिलिलिटर पाणी तापून पूर्ण वाफ होताना जवळपास २५५ किलोज्यूल शोषतं. बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा आपण शाळेत शिकलो तो हाच. म्हणजे आग विझवण्याइतकी थंडाई त्या अर्ध्या पेल्यात आहे! अडचण पाण्याच्या ताकदीत नाही. ते कुठे पोचतं आणि किती वेगानं उकळतं, यात आहे.

म्हणून अग्निशास्त्रज्ञांनी पाणी पोचवायची पद्धत बदलून बघितली. अतिशय बारीक तुषार केले तर ते तेलात बुडण्याआधी ज्वालेतच वाफ होतात. ज्वाला थंड होते, वाफ तिथेच पसरून ऑक्सिजन कमी करते आणि तेलाला परत मिळणारी उष्णता अडते. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या संशोधकांनी मोठ्या तळणयंत्रांच्या आगींवर अशा तुषार यंत्रणांचे प्रयोग केले आणि आगी विझल्या. पण तिथे थेंबांचा आकार, दाब, नळीचं अंतर हे सगळं मोजूनमापून ठरवलेलं होतं. घरातल्या इस्त्रीच्या फवाऱ्यानं हा प्रयोग करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा उपाय रसायनशास्त्राचा. हॉटेलांच्या मोठ्या तळणींसाठी वेगळे अग्निशामक असतात. त्यांत पोटॅशियम ॲसिटेटसारख्या क्षारांचं पाण्यातलं द्रावण असतं आणि ते बारीक फवाऱ्यानं हळुवार पडतं. गरम तेलाशी त्याची अभिक्रिया होऊन चक्क साबण तयार होतो, त्याच साबणीकरणानं ज्यावर साबणाचे कारखाने चालतात. साबणाच्या फेसाची साय तेलावर धरते, वाफ कोंडते, आणि द्रावणातलं पाणी तेल थंडही करतं.

हे वेगळे अग्निशामक का लागले, त्यालाही कारण आहे. पूर्वी अमेरिकेतली हॉटेलं प्राणिजन्य चरबीत तळायची. तिच्यावर साधी सोड्याची पूड मारली तरी बऱ्यापैकी साबण व्हायचा आणि आग विझायची. पुढे वनस्पती तेलं आली. ती जास्त तापमानाला पेटतात, आणि नव्या तळणयंत्रांची भांडी उष्णता धरून ठेवतात. त्यामुळे पूड मारून विझलेली आग पुन्हा पेटू लागली. १९९४ मध्ये तिथल्या चाचण्यांचे निकष बदलले, १९९८ मध्ये अशा आगींना 'के' हा स्वतंत्र वर्ग मिळाला. आंतरराष्ट्रीय मानकात २००७ साली त्याच आगींसाठी 'एफ' वर्ग आला. घरी असलेल्या साध्या एबीसी पुडीच्या नळकांड्यावर हे अक्षर नसेल, तर ते ज्वाला पाडेल पण तेल थंड करणार नाही. शिवाय जवळून मारलेला झोत तेलच उडवू शकतो.

तर मग करायचं काय

आधी वेळेचा अंदाज. लिटरभर तेल १८० वरून ३६० अंशांवर न्यायला सुमारे ४०० किलोज्यूल लागतात. २ किलोवॅटच्या बर्नरची निम्मी उष्णता तेलात गेली असं धरलं तर सहा-सात मिनिटं. तापलेलं तेल बाहेरही उष्णता सोडतं, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ. पण कढईत पावशेरच तेल असेल तर दोन-तीन मिनिटंच. एक फोन, दारावर कुरिअरवाला, बाळ रडलं म्हणून आत जाणं, एवढ्यात होतं हे. म्हणून तळण चालू असताना उठायचं असेल तर आधी गॅस बंद. आणि धूर दिसला की तिथेच गॅस बंद. तो धूर ही आपल्याला मिळणारी पहिली आणि बऱ्याचदा शेवटची सूचना असते.

तरीही पेटलंच तर:

१. हात पोचत असेल तर गॅस बंद करा. ज्वालेवरून हात न्यावा लागत असेल तर रेग्युलेटर किंवा भिंतीवरचा कॉक बंद करा.

२. कढईपेक्षा मोठं धातूचं झाकण, ताट किंवा परात घ्या. ढालीसारखी समोर धरून, आपल्या बाजूनं पुढे सरकवत कढईवर ठेवा. वरून आपटू नका. काचेचं किंवा प्लास्टिकचं झाकण नको.

३. झाकण उघडून बघू नका. आग हवेअभावी विझलेली असते, पण तेल अजून आपोआप पेटण्याइतकं गरम असतं. हवा मिळाली की ते पुन्हा पेट घेतं. किमान अर्धा तास तसंच राहू द्या, मोठी कढई असेल तर आणखी.

४. कढई उचलून बाहेर नेऊ नका. चालताना वाऱ्यानं ज्वाला अंगावर येते, आणि तेल हिंदकळतं.

५. पीठ, मैदा, साखर टाकू नका. ही पूड हवेत उडाली की स्वतःच भपकन जळते. छोट्या आगीवर खाण्याचा सोडा किंवा मीठ चालतं, पण ते चिमूटभर नाही, डबाभर लागतं. झाकण हाताशी असेल तर झाकणच बरं.

६. चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा बंद करा. त्याच्या जाळीत चिकट तेल साठलेलं असतं आणि आग तिथे चढते.

७. आग कपाटांना किंवा छताला लागली असेल तर झाकणाच्या नादी लागू नका. सगळ्यांना बाहेर काढा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

एका गोंधळाबद्दल खास सांगते. अग्निशमन दलाच्या प्रात्यक्षिकात पेटलेल्या गॅस सिलिंडरवर ओलं गोणपाट किंवा ओली चादर टाकून आग विझवताना आपण बघितलेलं असतं. सिलिंडरसाठी ते बरोबर आहे, कारण तिथे वायू जळतोय, खाली तीनशे अंशांचा द्रव नाही. तेच ओलं, निथळतं फडकं कढईवर टाकलं तर त्यातून गळणारं पाणी थेट तेलात जातं. चमचाभर पाण्याचं काय होतं ते वर बघितलंच आहे.

आणि भाजलं तर? तिथे मात्र पाणीच. भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, आणि चेहरा, हात किंवा मोठा भाग भाजला असेल तर लगेच दवाखाना गाठा.

सगळं लक्षात राहिलं नाही तरी निदान हे ठेवा: तेल पेटलं म्हणजे ते तीनशेच्या पुढे आहे, आणि पाणी शंभरला उकळतं. शक्य असेल तर आजच तुमच्या मोठ्या कढईवर पूर्ण बसेल असं एक ताट शोधून ठेवा, आणि तळण काढाल तेव्हा ते शेगडीशेजारी, हाताशी असू द्या. घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला, मदतीला येणाऱ्या ताईंनाही, ते कशासाठी आहे हे एकदा सांगून ठेवा.